पासवर्ड फोनवर मिळणार नाही

मंगळवार, दुकान बंद करून आल्यावर

पुण्याहून धाकट्या दिरांचा पुन्हा फोन. "वहिनी, दुकानाचे हिशेब क्लाउडवर टाका, म्हणजे मला इथून रोज दिसतील."

कॉम्प्युटर जुना झालाय, कधीही बसेल, हे खरं. टाकायलाच हवं. मग माझं डोकं का फिरलं? दर लक्ष्मीपूजनाला त्या कॉम्प्युटरला हळदकुंकू मी एकटी वाहते. सायखेड्याहून झेंडूही मीच आणते. भागीदार असून भाऊजी एकदाही आले नाहीत. आमचे हे दवाखान्यात होते, तेव्हाही दुकानाकडे फिरकले नाहीत. आता म्हणे, रोज दिसायला हवं.

टाकते क्लाउडवर. पासवर्ड मात्र लक्ष्मीपूजनाला दुकानात येऊन, कॉम्प्युटरला स्वतःच्या हाताने कुंकू लावून घ्यायचा.

येणार नाहीत. नका येऊ.