तुमच्या फाइलमधलं ते पान

बाबा, उद्या सकाळी अकरा वाजता मला एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे. त्यात लिहिलंय, की दादा म्हणतो तसं कुठलंही पान तुमच्या फाइलमध्ये नाही आणि कधी नव्हतं. वकिलांनी कागद कालच टाइप करून पाठवला. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, घरात कोणी नाही, आणि ते पान माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर आहे. पंख्याने उडू नये म्हणून त्याच्यावर साखरेचा डबा ठेवलाय.

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आईला तीन. मी अजून आर. के. पुरममध्येच आहे, फक्त आता नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये. आपल्या जुन्या क्वार्टरवरून रोज जाते. तिथल्या बाल्कनीला कोणी काचा लावून घेतल्यात. त्या बाल्कनीत मी किती हिवाळे झोपले ते तुम्हाला आठवतं का? दोन खोल्या, आपण चौघं, आणि वर कायमचे पाहुणे. अकोल्याचे, परभणीचे, कोणाच्या तरी साडूचे शेजारी. मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला दिल्लीला यायचं आणि आपल्याकडे उतरायचं, हे तिकडे सगळ्यांना जणू ठरवूनच दिलेलं होतं. स्टेशनवरून रिक्षा थेट दारात यायची. आई कणीक वाढवायची आणि मी माझी गादी उचलायची.

आणि तुमची ती फाइल. लोकांच्या घरी बाप ओरडतात, मारतात, फार तर अबोला धरतात. तुम्ही टिपणी फिरवायचात. ऑफिसातून आणलेलं तपकिरी कव्हर, टॅग ओवलेली पानं, वर ‘विषय’, खाली एक-दोन-तीन असे मुद्दे, शेवटी ‘आक्षेप असल्यास अमुक दिवसांत नोंदवावा’. गीझर घ्यायचा की नाही, दादाने सायन्सला जायचं की कॉमर्सला, सगळं फाइलवर. दादा ‘सहमत’ नाहीतर ‘असहमत’ लिहायचा. मी नुसतं ‘पाहिले’ लिहून पुढे आद्याक्षर टाकायचे. आईने एकदा ‘कुकर झाला की बघते’ असं लिहिलं होतं आणि त्यावरही तुम्ही तारीख घातली होतीत. आम्ही हसायचो तुम्हाला. पण शाळेत मैत्रिणींना सांगताना मला अभिमानच वाटायचा, आमच्या घरी मलाही विचारतात म्हणून.

काला अंबची सहल त्याच फाइलने खाल्ली. मी आठवीत होते. संक्रांतीच्या सुमाराला मराठी मंडळाची बस पानिपतला, मराठे लढले तिथला स्मृतिस्तंभ बघायला जाणार होती, मी महिनाभर त्याच एका गोष्टीवर जगत होते. त्या दिवशी अंधारात उठून स्वेटर घालून, डबा भरून मी दारात उभी आहे, आणि तुम्ही आतून फाइल घेऊन येता. शांतपणे पान उघडून दाखवता. मुद्दा तिसरा: अमरावतीचे पाच जण त्याच दिवशी येत आहेत, आईला एकटीला झेपणार नाही, तरी मुलीने घरी थांबावे. खाली माझं ‘पाहिले’. मी वाचलंच नव्हतं. मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, “सही केली म्हणजे वाचलं असंच धरतात. न वाचता सही करणारा माणूस उद्या कशालाही अडकेल.” तुमचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, आणि म्हणूनच तो मला इतकी वर्षं ऐकू येतो.

दादा गेला. संध्याकाळी परत आला तो सरळ स्वयंपाकघरात, मी पोळ्या लाटत होते तिथे. पानिपतच्या बाजारातून पचरंगी लोणच्याची बरणी आणली होती, स्वतःच्या खाऊच्या पैशांतून, फक्त माझ्यासाठी. “काही नाही गं तिथे,” तो म्हणाला. “नुसता एक खांब आणि कुंपण. तू बोअर झाली असतीस.” पुढे मोठी झाल्यावर मी तिथे गेले, तेव्हा कळलं, किती खोटं बोलला होता. त्या खांबापासून मला हलवेना. ज्या भावाने माझ्यासाठी असं खोटं बोलावं, त्याच्या वकिलाचं पत्र मला यंदा मार्चमध्ये रजिस्टर्ड पोस्टाने आलं. त्यात मी ‘आपण’ होते आणि तो ‘माझे अशील’.

तुम्ही नोएडाचा प्लॉट घेतलात तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. यमुनेपलीकडे मोहरीची शेतं, संध्याकाळनंतर बस नाही, फोनची लाइन यायला दोन वर्षं. रिटायर झाल्यावर तिथे घर बांधलंत आणि खालच्या दोन खोल्या नि स्वयंपाकघर ट्रस्टच्या नावे केलंत, आपल्याकडून दिल्लीला दाखवायला येणाऱ्या पेशंटांसाठी. तुमच्या मागे ट्रस्टी तिघं: आई, दादा, मी. सगळ्यांच्या लेखी संमतीशिवाय काही बदलायचं नाही. आई होती तोवर ते चाललं. पिठल्याचा वास सुटला की शेजारचे सरदारजी फाटकातूनच विचारायचे, “आज कौन आया, भाभीजी?” आता समोर मॉल आहे, मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहिलेत, आणि आठवड्याला एक तरी बिल्डर दादाच्या गुडगावच्या काचेच्या ऑफिसात जाऊन बसतो. जुनं पाडून चार मजले. दोन बिल्डरचे, एक दादाचा, एक माझा. तुमच्या खोल्यांच्या जागी पार्किंग.

मे महिन्यात त्याने फाटकाला स्वतःचं कुलूप लावलं. वाशीमचे नवरा-बायको भर उन्हात बाहेर उभे होते, बाईंच्या डोक्यावर केमोनंतरचा रुमाल, नवऱ्याच्या काखेत एक्स-रेचं पाकीट. त्यांनी बूथवरून मला फोन केला. मी ऑटो करून पोचले आणि तिथूनच दादाला फोन लावला.

“कुलूप तू लावलंस?”

“हो. मार्चच्या नोटिशीत लिहिलंय तसं.”

“दादा, पेशंट उभी आहे अरे बाहेर!”

“यार, तू दर वेळी पेशंट पुढे करतेस. वर्षभरात किती लोक आले सांग. चार. हॉस्पिटलसमोर आता धर्मशाळा झालीये, चालत जाता येतं. दोन बसेस बदलून नोएडाला कोण येणार?”

“बाबांची इच्छा होती.”

“बाबांची इच्छा काय होती ते त्यांनी लिहून ठेवलंय. शेवटच्या हिवाळ्यात. मी सहमत लिहिलं, तू पाहिले लिहिलंस. फाइल तुझ्याकडे आहे, काढ ना ते पान.”

“असं पान नाहीये.”

“अच्छा? बिल्कुल नाहीये? मग कोर्टातच बोलू.”

त्या दोघांना मी माझ्या घरी आणलं. दुसऱ्या दिवशी मीही वकील केला. ट्रस्टीपदावरून काढण्याची आणि पोलिसात जाण्याची धमकी देणारी नोटीस मी दादाला पाठवली, ती मुद्दाम त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर. रिसेप्शनवर चार लोकांसमोर त्याला ती सही करून घ्यावी लागली असं कळलं, तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, बाबा. राखीला दोघांनीही फोन केला नाही.

आता पानाबद्दल. तुमचं अक्षर थरथरतंय. विषय: नोएडा येथील खोल्या. तुम्ही लिहिलंय, ‘आम्हा दोघांच्या पश्चात खोल्या चालवण्याची सक्ती मुलांवर नसावी. यावरून दोघांत वाद झाल्यास ट्रस्ट बंद करून घर समान वाटून घ्यावे. खोल्यांपायी भावंडांचे बोलणे बंद होऊ नये. आक्षेप असल्यास आठ दिवसांत नोंदवावा.’ त्याखाली दादाचं ‘सहमत’ आणि त्याखाली माझं ‘पाहिले’. त्या दिवशी मी तुम्हाला भेटायला आले होते, गॅसवर चहा होता, तुम्ही फाइल पुढे केलीत आणि मी नेहमीसारखी न वाचता सही केली. पान सापडलं ते आत्ता महिन्यापूर्वी, वकिलांसाठी कागद काढताना. त्यांना दाखवलं तर ते म्हणाले, “मैडम, जो पेपर उनके पास नहीं है, वो पेपर है ही नहीं.” आणि त्यांनी तो उद्याचा कागद तयार केला.

मी एवढी का भांडते आहे, तेही सांगते. पेशंटांसाठी, असं मी सगळ्यांना सांगते आणि ते अर्धंच खरं आहे. मला तेव्हा ते पाहुणे आवडायचे नाहीत, बाबा. मला माझी गादी हवी होती. मला पानिपतला जायचं होतं. त्या लोकांच्या पोळ्या लाटण्यात माझ्या सगळ्या सुट्ट्या गेल्या, आणि तुम्ही ट्रस्ट केलात तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की ते सगळं कशासाठी तरी होतं. तुम्ही ते एका टिपणीने असं सोडून कसं दिलंत? निदान मला समोर बसवून विचारायचं तरी. दादाला काय, त्याची गादी कधी उचलली गेली नाही. मला तुमचा राग येतो. त्याच्यापेक्षा जास्त तुमचाच येतो.

उद्या त्या कागदावर सही करायची नाही, एवढं हे लिहिता लिहिता ठरलं. पान पर्समध्ये ठेवते आहे. कोर्टाच्या बाहेर दादाला देईन, मग त्याने काय करायचं ते करावं. खोल्या जातील. वाशीमच्या बाई पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायला येणार आहेत, त्या माझ्याकडेच उतरतील.

पण हे पत्र मी त्याला दाखवणार नाही, आणि तुमच्या फाइललाही लावणार नाही. कारण यातसुद्धा एक गोष्ट खोटी लिहिली आहे. गॅसवर चहा नव्हता. तुम्ही डोळे मिटून पडला होतात आणि मी खुर्चीत बसून ते पान नीट वाचलं. ‘असहमत’ लिहिलं असतं तर तुम्हाला त्रास झाला असता, आणि ‘सहमत’ मला लिहायचं नव्हतं. तुम्ही गेल्यावर फाइल सांभाळते म्हणून मीच मागून घेतली. काला अंबच्या त्या सकाळनंतर मी आजवर न वाचता कशावरही सही केलेली नाही, बाबा. ते पान मी दोनदा वाचलं होतं.