स्क्रॅटन ब्रिजचे रूळ कोणी उचलायचे

मी, नॉर्मन अर्नेस्ट ओल्डरॉइड, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा घरांना स्लेटच्या दगडी कौलांची छपरे घालण्याचा, राहणार टॉडमॉर्डन, यॉर्कशायर, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी नाताळपर्यंतचा भरवसा दिला आहे, पण तो देताना त्यांचा आवाज कसा लागला ते ऐकून मी त्यातले पंधरा दिवस आधीच कापले आहेत. मजवर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको एनिड, आणि ती सहा वर्षांपूर्वी गेली. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

व्यवस्थापक म्हणून मी माझे वकील मिस्टर हेबल्थवेट यांना नेमतो. मसुदा वाचून ते म्हणाले, "नॉर्मन, यातलं अर्धं कायद्याला लागत नाही." मी म्हटले, "कायद्याला लागत नसेल. मला लागतं." त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचे कलम वाचायला घेतले.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी जॅनेट हिला. छप्पर मी स्वतः घातले आहे. पुढची तीस वर्षे कोणी दारात येऊन "दुरुस्ती निघालीय" म्हणाला तर तो चोर आहे असे समजावे.

कलम २. धंदा, दोन्ही व्हॅन, शिड्या आणि हातोड्या माझा मुकादम डेनिस याला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी छपरावर चढलो, तेव्हा माझी स्वतःची अशी एक टोपी होती. बाकीचे नंतर जमवले. डेनिसने ते उधळू नये.

कलम ३. जावई कीथ याला दुकानातून नवा आणलेला एक गोल रूळ आणि त्यावर फिरणारी बॅटरीची आगगाडी. दर नाताळला टेबलावर बसता बसता तो विचारतो, "काय हो, तुमची झुकझुक गाडी काय म्हणते?" ती काय म्हणते ते आता त्याने घरी बसून ऐकावे.

कलम ४. आता मुख्य मिळकत. माझ्या गोदामाच्या माडीवर 'स्क्रॅटन ब्रिज' नावाचे रेल्वे स्टेशन आहे. असे स्टेशन जगात कुठे नाही. ते मी आणि ऑब्री थ्रेलफॉल यांनी बावीस वर्षे, दर गुरुवारी संध्याकाळी बसून, खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याने उभे केले. ऑब्री लॅटिनचा मास्तर. हात सोनाराचे. पितळेच्या पत्र्यातून त्याने चौदा इंजिने आणि साठ डबे केले. ज्यांवर सगळे उभे आहे त्या फळ्या, रूळ, सिग्नल आणि इमारती माझ्या. मालधक्क्याच्या छपरावर कागदाच्या सहा हजार चारशे स्लेटा आहेत, एकेक कापून खालून वर बसवलेल्या, जशा खऱ्या बसवतात तशा.

दुकानात मिळतात ते रूळ या मापाला दोन मिलिमीटरांनी अरुंद पडतात. जगातले बहुतेक लोक तेच वापरतात आणि सुखात असतात. ऑब्री म्हणाला, "नॉर्मन, चूक मोजूनमापून करायची, तर मग करायचीच कशाला?" मला ते पटले. म्हणून त्याने प्रत्येक चाक खऱ्या मापाला सरकवून बसवले आणि मी प्रत्येक रूळ त्या मापाने हाताने घातला. परिणाम असा, की त्याची इंजिने माझ्या रुळांखेरीज आसपास कुठेही धावत नाहीत, आणि माझ्या रुळांवर दुसऱ्या कोणाचे चाक टिकत नाही. एके काळी आम्हाला याचा अभिमान होता.

कलम ५. हे कलम मिस्टर हेबल्थवेट यांनी ऑब्री थ्रेलफॉल याला समोर बसवून मोठ्याने वाचावे. मी बोलणे का तोडले, याचे कारण तो अकरा वर्षे विचारतो आहे. कारण असे.

सन २००० च्या मे महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये अशा छोट्या आगगाड्यांचे प्रदर्शन होते. ज्यांनी कधी प्रदर्शन केले नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाड्या चालवणारा माणूस मागे उभा असतो, रंगवलेल्या आभाळाच्या फळीआड. पुढून तो दिसत नाही. पण पुढचे त्याला सगळे ऐकू येते, आणि माझे कान असे आहेत, की पाठ फिरवून उभा असलो तरी चाक सांध्यावरून जाताना कुठला रूळ केसभर वर आला आहे ते मी सांगतो.

पुढे ऑब्री उभा होता. या छंदाच्या मासिकातून कोणी गृहस्थ आले होते.

"वा! हे सगळं तुम्ही एकट्यानं?"

"तसंच म्हणायचं," ऑब्री म्हणाला. "मागे माझा एक माणूस आहे. छपरंबिपरं घालतो. लाकूडकाम बरं आहे त्याचं."

"नशीबवान आहात. मला असा कोणी मिळत नाही."

"मिळेल हो. फक्त गाडी कुठल्या बाजूला सोडायची ते सांगावं लागतं."

दोघे हसले. मी तेव्हा सव्वादोनची मालगाडी सोडत होतो. सोडली. वेळेवर.

संध्याकाळी सगळे उतरवून माझ्या व्हॅनमध्ये भरले. इंजिनांची पेटी त्याच्या हातात होती. "मग, गुरुवारी?" त्याने विचारले. मी म्हटले, "नाही." त्याला वाटले, मला काम असेल.

त्यानंतर त्याचे फोन आले. एनिड उचलायची आणि मी जिन्यात उभा असताना सांगायची, घरी नाहीत. एकदा फोन ठेवून म्हणाली, "अहो, किती दिवस मी खोटं बोलू? तो माणूस विचारतोय, माझं काय चुकलं म्हणून."

"त्याचं त्याला कळायला हवं."

"कसं कळणार? तुम्ही तोंड उघडाल तर ना!"

तिचे बरोबर होते. तिला तसे सांगितले नाही, हे या मृत्युपत्रात तरी नोंदवतो.

'माझा एक माणूस' हे शब्द वकीलसाहेबांनी घाई न करता वाचावेत.

कलम ६. इंजिने अकरा वर्षे ऑब्रीच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहेत असे कळते. रूळ माझ्याकडे. सारखी धूळ झटकली, तरी दोन्हीकडे सगळे मेलेलेच. गेल्या वसंतात मी करवत घेऊन माडीवर गेलो, की हे सगळे आपल्या हातानेच संपवावे. तिसऱ्या फळीच्या कडेला बोटभर खाच पाडली आणि खाली आलो. ती खाच दिसली तर उंदराची नाही, माझी आहे.

सबब स्क्रॅटन ब्रिज, त्याच्या नऊ फळ्या, रूळ, इमारती आणि आभाळ यांसह, मी ऑब्री थ्रेलफॉल याला विनाअट, विनामोबदला देतो. याला कोणी माफी म्हणू नये. ते रूळ चांगले आहेत आणि त्यांवरून गाडी जायला हवी, एवढेच कारण.

मात्र नेण्याची रीत मी ठरवतो. एकेक फळी आठ फुटांची. एकट्याने उचलली तर मधून वाकते आणि सांधे सुटतात. डेनिस, त्याची पोरे, जॅनेट, कीथ, आगगाडीच्या छंदाच्या क्लबातले कोणीही, यांनी हात लावू नये. माडीची किल्ली ऑब्रीला द्यावी. दुसरे टोक धरायला माणूस त्याने स्वतः शोधावा. बारा महिन्यांत फळ्या हलल्या नाहीत तर मी अर्धवट सोडलेले काम डेनिसने करवतीने पुरे करावे.

हे जॅनेटला वाचून दाखवले तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत ते. लग्न केलं नाही, कोणाकडे जात नाहीत. त्यांना कोण मिळणार?"

"नाही मिळालं तर नाही."

"आणि एकटेच आले तर?"

"तर एक टोक धरून उभा राहील थोडा वेळ," मी म्हटले. "समोर बघत."

तिने कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना आत्ता फोन का करत नाही? तुमच्यात अजून एक टोक उचलण्याइतकी ताकद आहे."

नाही. आठ दिवसांपूर्वी माडीवर जाऊन पाहिले. कोपऱ्यातली सर्वांत हलकी फळी. तिचे एक टोकही उचलता आले नाही.

वरील सर्व मजकूर मी दोनदा वाचला आहे आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. खालील दोघांसमोर सही करतो. त्यांना या कागदातून काहीही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले आहे, तरी ती दोघेही आली.

(सही) नॉर्मन अर्नेस्ट ओल्डरॉइड

साक्षीदार:
१. हिल्डा ग्रीनवूड, शेजारीण
२. विल्फ मर्गेट्रॉइड, निवृत्त पोस्टमन

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. सही करणारा शुद्धीवर होता.

स्थळ: टॉडमॉर्डन
दिनांक: १३ ऑक्टोबर २०११, गुरुवार