पालथ्या होडीचं माप

अण्णा,

तुम्हाला जाऊन आठ वर्षं होत आली, आणि मी अजून तुमच्या जावयावर जळते. असं सरळ लिहून टाकलं की जरा बरं वाटतं. नवऱ्यावर जळते म्हटलं तर लोकांना वाटेल, यांचं बाहेर काहीतरी असेल. तसलं काही नाही. माणूस चांगला आहे आणि तीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर एकदा कचकचून भांडून मोकळी झाले असते. मी जळते ती तुमच्यापायी, आणि हे तुम्ही जिवंत असताना तुम्हाला सांगायची माझी छाती झाली नाही.

सोनपेठच्या स्टँडजवळचं आपलं दुकान तुम्हाला सांगायला नको. मोटरसायकलच्या सीटा, ट्रॅक्टरच्या सीटा, कधीतरी एखाद्या जीपची. आई गेल्यावर सकाळचा स्वयंपाक उरकून मी मशीनवर बसायची, तेव्हा मी आठवीत होते. शिलाई मला तुम्ही शिकवली असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात, पण अण्णा, मी ती तुमच्या पाठीमागं बसून बघून बघून शिकले. दहा वर्षांत तुम्ही एकदाही माझा हात धरून दाखवलं नाही. मग लग्न झालं, बोरीकडचा मुलगा आपल्या घरी राहायला आला, आणि महिना झाला नाही तर तुम्ही त्यांच्या मागं उभे. त्यांच्या हातावर तुमचा हात. "असं न्हाई जावईबापू, आधी मधोमध वढा, मग दोनी टोकं. कोपऱ्याला घाई केली की चुन्या पडत्यात." मी मशीनवरून बघते आहे आणि सुई रेक्झिनमधून वेडीवाकडी जायला लागली आहे. तुमचं लक्षही नाही. चहा आला की पहिला कप त्यांना. जावई म्हणून ठीक आहे, पण मी ते कप मोजत होते.

आणि मग तो होडीवाला आला. गोदावरीच्या बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात मासे धरणारा, फायबरची लहान होडी असलेला. जाळं ओढताना तो उभा राहून मांड्या होडीच्या काठाला टेकवायचा, आणि त्या काठानं त्याला बेजार केलं होतं. "उस्ताद, मांड्या पार काळ्यानिळ्या झाल्यात. काठाला काई तरी मऊ लावून द्या की." आपण सीटा करणारी माणसं, आपल्याला होडीतलं काय कळणार, असं मला वाटलं. तुम्ही मात्र लहान पोरासारखे खूश झालात. "लोड लावू. बैठकीत टेकायला असतेत तसा, फकत लांबडा." प्लायची काठाच्या वळणाची पट्टी, तिच्यावर फोम, त्यावर रेक्झिन, आणि जाळं ओढायच्या एकाच बाजूला आतून स्क्रूनं घट्ट. शिवायचं काम माझ्याकडं आलं. मी जीव ओतला. मोटरसायकलच्या सीटवर असते तशी वरच्या बाजूनं दुहेरी शिवण घातली, पिवळ्या दोऱ्याची, काळ्या रेक्झिनवर उठून दिसणारी. बसवायला तुम्ही दोघं गेलात. मी म्हणाले, मीपण येते. तुम्ही म्हणालात, "तिथं चिखलात तुझं काय काम?"

चार महिन्यांनी तो लोड परत आला तेव्हा दोघांना उचलून आणावा लागला. वरच्या शिवणीतून पाणी आत गेलं होतं, फोम ते पिऊन बसला होता, प्लाय फुगली होती, आणि वास असा की शेजारचा पानवाला विचारायला आला. तुम्ही त्या होडीवाल्यासमोर ब्लेड घेऊन माझी पिवळी शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलीत. "ही काय नवरीची चोळी हाय? सीटवर पाऊस कवातरी पडतो, हिथं पाणी रोज हाय. शिवण खाली पायजे, आन् खालीच भोकं पायजेत, आत गेलेलं पाणी भाईर पडाया." चूक माझी होती, कबूल. पण मला होडी दाखवली असती तर कळलं नसतं का? रागावलात मला आणि समजावून सांगितलंत त्यांना. दर दोन महिन्यांनी स्क्रू बघायचे, वर्षातून एकदा लोड काढून साबणानं धुवायचा, सावलीत वाळवायचा, उन्हात टाकला की रेक्झिन तडकतं, सगळं त्यांना. मी चुलीपुढं बसून ऐकत होते. भाकरी करपली तेव्हाही तुम्ही यांच्याशीच बोलत होतात.

आता जे लिहायला बसले ते. दुसऱ्या खेपेला नव्या लोडचं माप घ्यायला तुमच्यानं गुडघ्यामुळं जाववलं नाही, म्हणून एकटे हे गेले. होडी भेगा बुजवायला नदीकाठी दगडांवर पालथी घातलेली होती. यांनी खाली डोकं घालून पुठ्ठ्यावर काठाचं वळण उतरवून घेतलं आणि आभाळाकडं बाण काढून लिहिलं, "वर". जेवताना कौतुकानं सांगत होते, पालथ्या होडीत शिरून कसं माप घेतलं ते, आणि तुम्ही मान हलवत होतात. घास माझ्या हातातच राहिला. होडी पालथी, तर आभाळाकडचा बाण सुलटी झाल्यावर पाण्याकडं जाणार. शिवण आणि भोकं बरोबर वर येणार. आणि लोड एका टोकाला निमुळता, म्हणजे फिरवून लावायचीही सोय नाही. तुमच्या ते लक्षात आलं नाही, जावयाच्या कौतुकात. माझ्या आलं. दुसऱ्या दिवशी कापताना मी रेक्झिनच्या आतल्या बाजूला पेनानं बरोबर बाण काढलासुद्धा. मग तो गिरगटला, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं तसंच शिवून दिलं. मला वाटलं, एकदा तरी यांना बोलणी बसतील.

बसवायच्या दिवशी तुम्ही गुडघे धरत धरत गेलात. काठावर सात-आठ माणसं जमलेली, लोड लावला तर शिवण आभाळाकडं. हे सांगतात, कुणीतरी हसलं, आणि यांची मान खाली गेली. तुम्ही लगेच म्हणालात, "माप माझं चुकलं. पोरावर हसू नगा." लोड परत आणलात आणि दुकानाच्या पायरीवर बसून सगळे टाके स्वतः उसवलेत. चष्मा नाकावरून घसरत होता, मध्येच ब्लेड बोटाला लागलं. मी म्हणाले, द्या इकडं, मी करते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ऱ्हाऊ दे." त्यांना काहीच बोलणी बसली नाहीत. उलट माझ्यामुळं तुमची मान खाली गेली. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

तुमच्यानंतर नदीवर मी जायला लागले. कुणी अडवलं नाही, अडवणारं उरलंच नव्हतं. परवा त्याच होडीवाल्याकडं नव्या लोडचं माप घ्यायला आम्ही दोघं गेलो. होडी पुन्हा पालथी. हे पुठ्ठा धरून वाकले तशी मी म्हणाले, "बाण जिमिनीकडं काढा." हे हसले.

"तवाबी तुला म्हाईत हुतं की."

मी म्हटलं, काय म्हाईत हुतं?

"अण्णांनी टाके उसवताना मला दावलं. आतून तू बाण काढून गिरगटला हुता. बरोबर बाण."

"मग मला का न्हाई बोलले?"

हे पुठ्ठा काठाला लावत म्हणाले, "मला म्हणले, तिला कळू देऊ नगा. तिचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा साफ हाय. चूक माझी हाय, पयल्या दिवसापासून तिला संगं आणाया पायजे हुतं."

मी म्हणाले, मला असलं काही आठवत नाही. धडधडीत खोटं. हे बरं म्हणाले आणि माप घ्यायला लागले. आठ वर्षं या माणसानं हे पोटात ठेवलं. सात-आठ जणांसमोर हसू झालं ते माझ्यामुळं, हे माहीत असून एकदाही, भांडणातसुद्धा, बाहेर काढलं नाही. दुसरी एखादी बाई रडली असती. मला पहिलं काय वाटलं सांगू? हे तुमच्या आवाजात यांनी ऐकलंय, आणि मी नाही. जे मी आठवीपासून ऐकायला बसले होते ते तुम्ही बोललात, अण्णा, पण त्यांच्याशी बोललात. परतताना गाडीवर मी त्यांना म्हणाले, अण्णा नेमकं काय म्हणले ते परत सांगा. त्यांनी सांगितलं. घर येईपर्यंत मी आणखी दोनदा सांगायला लावलं, आणि प्रत्येक वेळी जळाले.

हे लिहून कुठं टाकायचं नाहीच. तुमची माफी मागावी म्हणून बसले होते, आणि ती मागतेही आहे. पण तुमची मागणं सोपं आहे, तुम्ही समोर नाही. खरी मागायला पाहिजे ती बाहेर ओट्यावर बसून फोम कापणाऱ्या माणसाची, आणि तेवढं माझ्याच्यानं अजून होत नाही.