क्लचचा पाय

हॉकर, दक्षिण ऑस्ट्रेलिया
४ मार्च २००३

चि. डेस यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि ख्रिसमसपासून एक ओळही न लिहिल्याबद्दल कानाला चिमटा.

लिंडसेला, तुझ्या दाजीला, शेवटी घरी आणला. ॲडलेडच्या इस्पितळातल्या मुलींनी त्याला काठी धरून चालायला शिकवलंय. उजवी बाजू शाबूत आहे, डावा हातही बराचसा सुधारलाय, आणि तोंड तर पक्षाघाताचा झटका येण्यापूर्वीपेक्षा जोरात चालतं. डावा पाय मात्र मागे राहतो. व्हरांड्यात तो फिरायला लागला की आधी काठी वाजते, मग बूट, मग फरफट. मी स्वयंपाकघरात ते ऐकते आणि ऐकलंच नाही असं दाखवते.

आता कामाचं. आमची जुनी गाडी गेली. शेजारच्या बेव्हच्या नवऱ्याने खाली वाकून सांगाडा पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली, म्हणजे तू समजून जा. इथे गाडीवाचून माणूस म्हणजे बेटावर सोडल्यासारखाच. डॉक्टर पोर्ट ऑगस्टाला, किराणा हॉकरमध्ये, आणि सुट्टीत आमची लेक लॉरेन तिची तीन पोरं घेऊन येणार. सगळी मावतील अशी मोठी एसयूव्ही हवी, आणि आपल्याला परवडणार ती वापरलेलीच.

पोर्ट ऑगस्टाच्या गाडीवाल्याकडे दोन उभ्या आहेत. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, एकीचा रंग पांढरा, दुसरीचाही पांढरा. फरक एवढाच की एक मॅन्युअल आहे आणि एक ऑटोमॅटिक. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी लिंडसेची गाडी चालवायची पुन्हा परीक्षा घेता येईल, पण ऑटोमॅटिकवर, कारण तिला डावा पाय लागत नाही. हे ऐकून लिंडसे म्हणाला, ते शिवणयंत्र तुम्हीच चालवा. मेंढ्यांची लोकर उतरवायच्या दिवसांपर्यंत माझा पाय परत येतो की नाही बघा.

मी काय करू रे? ऑटोमॅटिक आणली तर मी त्या पायाची आशा सोडली असा अर्थ होतो. मॅन्युअल आणली तर ती चालवणार कोण? मीच. आणि मी तर लग्नापासून डाव्या बाजूला बसून फक्त फाटकं उघडत आलेय.

बाबांनी आपल्याला टपालाच्या ट्रकवर शिकवलं ते आठवतं? तुझे पाय पोचेनात म्हणून पाठीशी पिठाचं पोतं लावायचे आणि तू उतरलास की ढुंगण पांढरं! मला ते डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, इंजिन काय म्हणतंय, गिअर मागतंय की नाही? मला ते बरोबर कळायचं. तुला कळत नसे. आणि पुढे गिअरबॉक्स उघडायचं दुकान काढलंस तू!

तेव्हा दुकानदार, सल्ला पाठव. प्रेम न मागता देते, उत्तर मात्र मागून घेते.

तुझी,
कॉरलताई

---

अल्व्हरस्टन, टास्मानिया
१६ मार्च २००३

ती. ताईस,

दुखऱ्या कानासह सा. न.

दाजी घरी आले हे वाचून फार बरं वाटलं. इथे पाऊस, शेजाऱ्याची सफरचंदं आणि मी, तिघेही जागच्या जागी आहोत.

आधी दुकानदार बोलतो. जुन्या मॅन्युअलमध्ये बिघडून बिघडणार काय, तर क्लच, आणि तो कुठलाही मेकॅनिक बदलून देतो. जुनी ऑटोमॅटिक घ्यायची तर तिच्या गिअरबॉक्सचं तेल बघ. लालसर असलं तर ठीक. काळं पडलं असेल आणि करपल्याचा वास येत असेल, तर गाडीवाला कितीही गोड बोलला तरी चालू लाग. तिने जन्मभर मागे जड काही ओढलंय का तेही विचार. उतारावर मॅन्युअल जास्त ताब्यात राहते, वाळूत ऑटोमॅटिक सोपी जाते. झालं दुकानदाराचं.

आता भाऊ बोलतो. ऑटोमॅटिक घे.

हे लिहिताना मला काही वाटत नाही असं समजू नकोस. दाजी तुला बघायला पहिल्यांदा आले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. बाबा व्हरांड्यात पाठमोरे बसले होते. खालच्या चढावर दाजींनी ट्रकचा गिअर बदलला तो इतका अलगद, की इंजिनाचा सूर तेवढा खाली आला, दात कुठे घासला नाही. बाबांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. आईला म्हणाले, कोण आहे माहीत नाही, पण पोरगा चालेल. दाजींचा चेहरा त्यांनी नंतर पाहिला! त्या माणसाला आता दोन पेडलची गाडी चालवा म्हणायचं, म्हणजे तुला जड जाणारच.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. विनी देवाघरी गेल्यावर मी आमची मॅन्युअल विकली. गुडघा दुखतो म्हणून सगळ्यांना सांगितलं, तुलाही. गुडघा उत्तम आहे. तिची सवय होती, गाडीत बसली की तिचा हात गिअरवरच्या माझ्या हातावर. गिअर बदलतानाही काढायची नाही, बरोबर यायची. ती गेल्यावर दर वळणाला माझा डावा हात गिअरवर जायचा आणि उघडा पडल्यासारखा वाटायचा. ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही हात चाकावर राहतात. बरं असतं.

दाजींना माझा नमस्कार सांग, शिवणयंत्राबद्दलचं मत पोचलं म्हणावं. मी आहे तसाच आहे, तूही आहेस तशीच राहा, एवढंच मागणं.

तुझा,
डेस

---

हॉकर,
२० एप्रिल २००३

चि. डेस यास,

ईस्टरचे आशीर्वाद. तुझ्या पत्राचा शेवटचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. विनीच्या हाताबद्दल मला माहीत होतं. तुमच्यामागे बसून मी ते किती वेळा पाहिलंय. गुडघ्यावर माझा विश्वास कधीच नव्हता, पण तू सांगशील तेव्हा सांगशील म्हणून गप्प होते.

आता रागावू नकोस. मी मॅन्युअल घेतली.

काय झालं ते ऐक. बेव्हने आम्हाला पोर्ट ऑगस्टाला नेलं. लिंडसेने इस्त्रीचा सदरा घातला होता. गाडीवाल्याने किल्ली दिली आणि तो मॅन्युअलमध्ये जाऊन बसला. पाय क्लचवर ठेवायला त्याने गुडघा दोन्ही हातांनी उचलला. दाबला, तो अर्ध्यातच थांबला. मग गिअर टाकायला गेला आणि जो आवाज झाला, डेस, तो त्याच्या हातून मी आयुष्यात ऐकला नव्हता. आवारातली माणसं वळून बघायला लागली. तो खाली उतरला, काठी घेतली आणि म्हणाला की क्लचची स्प्रिंग फार कडक आहे. गाडीवाला म्हणाला, हो हो, कडकच आहे. बेव्ह म्हणाली, आजकाल सगळंच कडक करतात. मीही मान हलवली. मग तो मला म्हणाला, हीच घेऊ, माझा पाय येईपर्यंत तू चालव. डावा कान लाल झाला होता त्याचा. मला नाही म्हणवलं नाही.

तेल बघायचं राहूनच गेलं, कारण दुसरीकडे मी नजरसुद्धा वळवली नाही.

गाडी आणल्यावर पहिल्या दिवशी मी फाटकापाशीच तीनदा बंद पाडली. माळावरच्या मेंढ्या हसल्या असतील. इतक्या वर्षांनी हात आणि पाय एकाच वेळी हलेनात. तेव्हा लिंडसे शेजारून म्हणाला, तू नुसता पाय सांभाळ, हात माझा. आणि खरंच, मी क्लच दाबते आणि तो त्याच्या उजव्या हाताने गिअर टाकतो. मी दाबला हे त्याला सांगावं लागत नाही. आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंत असे गेलो आणि आलो. परतताना एक एमू गाडीच्या बाजूने पळायला लागला तेव्हा मी पाय काढला, त्याने गिअर ओढला, गाडी बेडकासारखी उडाली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. जानेवारीपासून हे घर हसलं नव्हतं.

तुझा सल्ला ऐकला नाही तरी तुझ्यावरचा जीव कमी झाला असं समजू नये.

तुझी,
ताई

---

अल्व्हरस्टन,
२ मे २००३

ती. ताई,

नमस्कार. रागावलो नाही. एमूचं वाचून एकटाच मोठ्याने हसलो, मग घरात कुणी नाही म्हणून जरा लाजलो.

पण धाकट्याचं एवढं ऐक. दोघांनी मिळून एक गाडी चालवणं आपल्या माळावरच ठीक. डांबरी रस्त्यावर, समोरून मेंढ्यांचे मोठे ट्रक येत असताना, हा खेळ नको. तिथे हातही तुझा आणि पायही तुझा. आणि गाडीची किल्ली दाजींच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस. मी त्यांना ओळखतो.

ऑगस्टमध्ये येईन म्हणतो, तुझा क्लच तपासायला. बघू कसं जमतं.

माया असू दे, बाकी सगळं इथे भरपूर आहे.

डेस

---

हॉकर,
२९ जून २००३

चि. डेस यास,

आशीर्वाद. तू ओळखतोस त्यांना, हे खरं निघालं.

मंगळवारी मी बेव्हच्या गाडीने गावातल्या बायकांच्या मंडळात केक घेऊन गेले होते. दुपारी तिने मला दारात सोडलं आणि ती गेली. शेडमध्ये गाडी नव्हती. लिंडसेची काठी मात्र शेडच्या भिंतीला टेकून उभी होती.

पाण्याची बाटली घेतली, काठी घेतली आणि लाल मातीतल्या चाकांच्या खुणा धरून चालत निघाले. कोरड्या ओढ्यात मोठ्या निलगिरीच्या झाडाखाली गाडी दिसली. मागची चाकं वाळूत बसलेली, दार उघडं आणि तो चालकाच्या जागेवर. अंगाला काही झालं नव्हतं. टाकीपर्यंत जाऊन पाणी बघून यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

वाळूतून निघायचं तर गाडीला पाळण्यासारखे झोके द्यावे लागतात, पुढे, मागे, पुन्हा पुढे, आणि दर वेळी झटकन क्लच. तुला काय सांगायचं! त्याने सकाळपासून तेच केलं होतं. पाय हाताने उचलून उचलून ठेवला. शेवटी गुडघ्यावर मुठी मारल्या म्हणे. माझ्याकडे न बघता म्हणाला, वाळू काही फार नाही, दहा वर्षांचं पोरसुद्धा काढेल. मग गुलाबी काकाकुवांच्या कलकलाटात म्हणाला, कॉरल, हा पाय काही आता येत नाही.

या वाक्याला द्यायची उत्तरं मी जानेवारीपासून तयार करत होते. मी वळसा घालून त्याच्या शेजारी जाऊन बसले, इतकंच. तो पाणी प्यायला. मग म्हणाला की त्याला माझी भीती वाटत होती. मला वाटायचं, तो पायाची आशा सोडत नाही म्हणून मी काही बोलू नये. आणि त्याला वाटायचं, मी आशा सोडत नाही म्हणून त्याने बोलू नये. मार्चपासून आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतो!

ऊन उतरायला लागलं तशी मी खाली उतरून चाकांतली हवा कमी केली आणि त्याला सरकायला सांगितलं. त्याने हात गिअरकडे नेला नाही, मांडीवर ठेवला. मी पहिला टाकला, मग रिव्हर्स, पुन्हा पहिला. डोळे मिटले नाहीत, पण कान लावला, बाबांनी सांगितल्यासारखा. चौथ्या-पाचव्या झोक्याला गाडी काठावर आली. घरी आल्यावर चहा घेताना लिंडसे म्हणाला, तुझ्या बाबांनी शिकवलेलं वाया गेलं नव्हतं, मीच ते चाळीस वर्षं फाटकं उघडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पोर्ट ऑगस्टाला फोन केला. ती दुसरी पांढरी अजून उभी आहे म्हणे. या वेळी तेल बघेन. आणि गंमत अशी की आता मॅन्युअल सोडताना मलाच रडू येतंय.

ऑगस्टमध्ये येशील का? विनीच्या मागे तू अल्व्हरस्टनच्या पुलापलीकडे गेला नाहीस, हे मला कुणी सांगायला नको. जबरदस्ती नाही. पण वाट बघते.

तुझीच,
ताई

---

हॉकर,
१५ सप्टेंबर २००३

प्रिय डेस,

मी लिंडसे. पत्र लिहायची मला सवय नाही, तेव्हा मायना कॉरलकडून विचारून घेतला होता, पण तो लिहिता लिहिता विसरलो. नमस्कार समज.

ऑटोमॅटिक आली. तेल लाल निघालं, कॉरलने बोट बुडवून वास घेतला तेव्हा गाडीवाला घाबरला. गेल्या आठवड्यात माझी परीक्षा झाली. शेजारी बसलेली मुलगी आमच्या लॉरेनपेक्षा लहान. तिने मला सगळ्या पोर्ट ऑगस्टातून फिरवलं, पुलावरून नेलं आणि शेवटी म्हणाली, मिस्टर ट्रेनगोव्ह, तुम्ही फार गुळगुळीत चालवता. मी म्हटलं, बाई, यात माझं काही नाही, सगळं ही गाडीच करते. पण खोटं कशाला सांगू, घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होतो.

तू ऑगस्टमध्ये आला नाहीस. तुझ्यासाठी काढलेली चादर कॉरलने पुन्हा घडी करून ठेवली ती मी पाहिली. म्हणून आता आम्हीच येतो. मेलबर्नपर्यंत रस्त्याने आणि पुढे गाडीसकट बोटीने. निम्मं अंतर मी चालवणार, निम्मं ती. तिचं म्हणणं आहे की चढ तिचे. लोकर उतरवून झाली, आता इथे आमच्यावाचून कुणाचं अडत नाही. तुझ्या बेतात बसतं का हे मी विचारत नाही, कारण तू नाही म्हणशील. बोटीवरून उतरलो की गाडी तुझ्याच दारात उभी राहील. बाहेर ये, तिच्यात बस, आणि आम्हाला कुठेतरी ने. कुठे ते तू ठरव. विनी तुला जिथे नेत असे तिथे चालेल, किंवा जिथे ती कधीच गेली नाही तिथेही.

तू मला कधी विचारणार नाहीस, म्हणून एक सांगतो. चढ लागला की माझा डावा पाय अजून आपणहून दाबायला जातो. एरवी खुर्चीतून उठताना हलत नाही, पण चढावर हलतो. खाली काही नसतं, नुसती चटई. कॉरल बघते आणि खिडकीकडे तोंड फिरवते. मी त्याला अडवत नाही, दाबू देतो.

कॉरल म्हणते, शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. चाळीस वर्षं मी तो तुमच्या घराकडून न मागता घेतलाय. आता मागायला बसलो तर तुला वाटेल काहीतरी बिनसलं.

तुझा दाजी,
लिंडसे