मुसळाची रेघ

सालवड, शनिवार संध्याकाळ, १९६६

काजळी धरलेल्या कागदावर आज पुन्हा वाकडीतिकडी रेघ उमटली आणि मी सवयीने शेजारी 'मुसळ' लिहिलं. शेजारच्या जानकीकाकू भात कांडू लागल्या की आमचं भूकंपमापक यंत्र थरथरतं, म्हणून ऑफिसात खोट्या रेघेला मुसळच म्हणतात. पण ही रेघ लांबतच गेली. मुसळ असं चालतं का? राहवेना, विचारायला गेलो.

काकू कुजबुजल्या, "आज मुसळाला हात नाय लावला. नातू निजलाय."

म्हणजे भूकंप खराच! अंतर काढलं, तर अंदमानाजवळचा असावा. भूकंपाच्या लाटा बेटांखालून आल्या. वाटेत कुठे रेंगाळल्या, कुठे धावल्या, यावरून तिथला खडक किती खोलवर कसा आहे ते ताडता येईल. इतर केंद्रांच्या रेघा जुळवाव्या लागतील, पण त्यांत आमचीही एक असेल. आणि मी तिला मुसळ म्हणून सोडून देणार होतो.

सांगायला पुन्हा काकूंकडे धावलो. बाळ जागं झालं होतं. घ्यायला हात पुढे केले, तर काकू म्हणाल्या, "हात बगा किती काळं. ऱ्हाऊ द्या, तीट तरी लावा."

लावली.