पहिली फेरी हवेत

मी, खाली सही करणारा, धंद्याने मिलिंगवाला, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि पोटभर जेवून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दोन्ही मुलांनी आपापल्या परीने आणून पाहिला. पण तो समोरासमोरून आल्यामुळे मधल्यामध्ये जिरला. माझं आधीचं मृत्युपत्र, ज्यात वर्कशॉपच्या मधोमध पक्की भिंत घालायला सांगितली होती, ते मी याद्वारे रद्द करतो.

१. राहतं घर दोघांना समसमान. वरचा मजला थोरलीला, खालचा धाकट्याला, कारण त्याचे गुडघे माझ्यावर गेले आहेत. गच्चीवरची टाकी दोघांची. ती भरायची आठवण कोणाच्याच वाट्याला आलेली नाही.

२. पाच अक्षांचं मोठं मिलिंग मशीन धाकट्याला. वकिलांसाठी खुलासा: यात कटर तीन दिशांना सरकतो आणि काम धरलेलं टेबल दोन अंगांनी कलतं-फिरतं; सगळं संगणक चालवतो. त्यामुळे तुकडा एकदा पकडला की न सोडता चहूबाजूंनी कोरता येतो. सोडून पुन्हा पकडला की माप हललंच म्हणून समजा. धाकटा त्यावर पंपांचे पंखे कोरतो, ज्यांची पाती एकमेकांच्या पोटात वळलेली असतात.

३. याच मशीनवरून झालेलं भांडण मी कोणालाही देत नाही. थोरली पुढच्या खोलीत कृत्रिम दात बनवते. दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी तिने माझी दाढ भावाला न विचारता मोठ्या मशीनवर कोरली. दातांच्या सिरॅमिकची वडी खडूसारखी असते आणि कोरडीच कोरतात. दात मुद्दाम मोठा ठेवतात, मग तो भट्टीत आटून मापावर येतो. दाढ सुरेख झाली. पण पांढरी पूड मशीनमधल्या, कटर थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळली, तिचा लगदा झाला आणि तो टेबलाखालच्या सरकपट्ट्या घासू लागला.

“ताई, हे मशीन आहे, पिठाची गिरणी नव्हे!”

“बाबांना चावता येत नाही, त्याचं काय?”

“मग त्यांनी मऊ खावं!”

“हे मशीन पुसायला मी होते रे, आणि तुझं नाक पुसायलाही मीच!”

तेव्हापासून अबोला. एकाच छपराखालचे निरोप माझ्यामार्फत. मृत्युपत्रात मशीन आपल्यालाच मिळावं, हाही निरोप दोघांकडून आला.

४. माझ्या बचतीतून थोरलीसाठी दातांचं छोटं, कोरडं चालणारं, धूळ ओढून घेणारं मशीन घ्यावं. पुढची खोली तिची. मात्र दोन खोल्यांमधल्या दाराला कडी लावू नये. कारण सांगतो. गेल्या महिन्यात तिच्याकडे एक क्लॅरिनेटवाला आला. खालचे सगळे दात गेलेले, वाजवणं बंद. जबड्यातल्या स्क्रूंवर बसून नवे दात धरणारी टायटॅनियमची पट्टी हवी होती, आणि ती कोरण्याची ताकद मोठ्या मशीनमध्येच. त्याच वेळी धाकट्याकडे एक मोडका पंखा पडून होता, ज्याचं ड्रॉइंग कुठेच नव्हतं. वस्तूचा आकार टिपणारा स्कॅनर थोरलीकडे. तिने न बोलता पंखा उचलून नेला. त्याने न बोलता टायटॅनियम पकडलं. पट्टी निम्मी झाली आणि दारातून आवाज आला, “ताई, हा कोपरा जिभेला लागेल.”

“मग गोल कर की. विचारतोस काय?”

मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. बातमी एकही वाचली नाही.

५. बोथट कटरांचा डबा माझ्या आतेभावाला. “पाच अक्ष म्हणजे पाच पायांची गाय, दूध तेवढंच,” असं तो गावभर सांगत फिरला. त्याच्या जिभेला धार आहेच, जोड होईल.

६. माझी दाढ कोणीही मागू नये. बसवल्यापासून हललेली नाही. घरात अशी तेवढी एकच गोष्ट आहे.

७. नवा प्रोग्राम आम्ही एकदम धातूवर चालवत नाही. कटर वर उचलून पहिली फेरी हवेत काढतो. टक्कर व्हायची असेल तर तिथेच दिसते. तोवर एक हात मशीन थांबवायच्या लाल बटणावर. म्हणून ही वाटणी मी येत्या सोमवारपासून, जिवंतपणीच, चालवून बघणार आहे.

वकील म्हणाले, “काका, मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होतं.”

“मग टक्कर झाली तर बटण दाबायला मी येऊ कुठून?”

त्यांनी हे कलम ठेवलं.

सही करण्याआधी मी सगळं दोघांना वाचून दाखवलं. धाकटा म्हणाला, “बाबा, बटणावरचा हात काढा आता. आम्ही बघतो.”

थोरली म्हणाली, “राहू दे रे. त्यांना बरं वाटतं.”

दोघं एका बाजूला झाली आणि मी एकटा पडलो. याहून चांगली वाटणी मला करता आली नसती.

सही: मिलिंगवाला, वडील

साक्षीदार १: शेजारचा वेल्डर, चष्मा घरी विसरल्याने माझा लावून

साक्षीदार २: क्लॅरिनेटवाला, सही करून लगेच तालमीला रवाना

स्थळ: वर्कशॉप, दाराजवळचं टेबल, दार उघडं

दिनांक: शिक्क्यावर आहे तो, वार रविवार