सायबाची फायनल

मंगळवार, २० जाने.
क्लबची ओपन टेनिस क्वार्टरला आली. लातूर, परभणी, धर्माबाद, कुठून कुठून लोक आले न् गेले. नांदेडात याच्याहून मोठी टेनिस होत न्हाई, म्हणून सगळ्यांना मिरवायचंय. माझी क्वार्टर निघाली, ६-४, ६-४. घाम गळाला, पण खरा.
शेजारच्या कोर्टवर झेडपीचे मोठे साहेब. (पुढं नुस्तं सा. लिहितो. येवढी शाई कशाला घालवायची.) समोर कंत्राटदार बापूराव. ६-०, ६-१. बापूराव बाहेर येऊन मान पुसत मला म्हणतो, "अप्पा, सोडून दिली म्याच. टेंडर हाय ना पुढं." वर हसून राहिला! दात काढायला लाज वाटत न्हाई म्हणा.

बुध. २१
दुकानात मोटारी-पाइपापेक्षा सा.च्या खेळाचंच कौतुक. "काय फटका मारतेत साहेब!" समोरचा हात बांधून उभा असल्यावर माझी म्हातारी पण मारंल.
संध्याकाळी शैलाचा फोन, माहूरहून. तिची शाळा तिकडं, मी न् पोरगी इकडं. शनिवारी येते, सोमवारी पहाटे एसटी धरते. पोरगी परवा शेजारणीला म्हणली, आई पाहुणी आलती. बदलीचा कागद सा.च्याच टेबलावर पडून हाय, सहीसाठी.
शै. म्हणली, "फायनलला सायबाशीच गाठ पडली तर?"
पडू दे, म्हणलं.
मग म्हणती, "एक मॅच हरल्यानं माणूस मरत न्हाई हो."
फोनच ठेवला मी.

गुरु. २२
सेमी. माझी ६-३, ५-७, ६-४, लातूरच्या एका चिवट माणसाशी. पोटऱ्या अजून भरलेल्या.
तिकडं सा. न् आपले दातांचे डॉक्टर. डॉक्टर निम्म्या वयाचा. ६-०, ६-०! चार गेम बघितले न् उठलो. चेंडू अंगावरून जातो न् हा गडी लग्नात फोटोला उभं राहिल्यासारखा उभा. शिपाई टॉवेल धरून. प्रत्येक पॉइंटला टाळ्या, "वा साहेब, वा साहेब." नंतर डॉक्टर म्हणतो, "मोठ्या माणसाचं मन राखावं लागतं." तुझ्या मनाला कीड लागली की, ती काढ आधी.
घरी टीव्हीवर टेनिस लावली. तिकडं परदेशात पण सेम. एकानं दुसऱ्याला पार धुतला. पण तिथं कुणाची बदली अडकलेली नसते, म्हणून बघायला बरं वाटतं.

शनि. २४
शै. आली. चहा पण झाला न्हाई न् जुंपली.
"तुमचा मान मोठा का माझं घर?"
"मी काय बापूराव हाय का?"
"माहूरच्या त्या खोलीत एकटं राहून बघा. मग सांगा मान-बिन."
तिचं बरोबर हाय, हे मलाही कळतं. म्हणूनच जास्त चिडलो. म्हणलं, उद्या ६-२ नं लोळवतो तुझ्या सायबाला, पोरगी बघंल.
भाकरी वाढली न् आत गेली.

रवि. २५
०-६, १-६.
लिहितोच. कुणाला वाचायचंय.
पहिले दोन गेम वाटलं, नशीब हाय बेट्याचं. तिसऱ्यात कळालं. सर्व्हिस दिसतच न्हाई. दिसली तोवर मागच्या जाळीला. बॅकहँडला दिला की तिकडनं, पुढं आलो की डोक्यावरनं. मी एक चेंडू सोडला न्हाई, रेणुकामातेची शप्पथ. एका चेंडूसाठी तर आपटलो, गुडघा सोलला. लोक हसले. वाटलं असंल, काय झकास नाटक करतो अप्पा! जो एक गेम मिळाला तो पण त्याच्या दोन डबल फॉल्टवर.
जाळीपाशी सा.नं नुस्ती बोटं टेकवली हाताला. "हा माणूस खरा खेळतो, असं ऐकलं होतं. तुम्हीसुद्धा तसलेच निघालात." काय सांगू? साहेब, हे माझं खरंच हाय, येवढंच हाय?
बापूरावानं मिठी मारली, "शाणे निघाले अप्पा!"
मी इचारलं, "तू खरंच सोडली व्हतीस का रे?"
दुसरीकडंच बघाय लागला. "आता तुम्हाला काय सांगायचं," म्हणला न् गेला.
घरी शै.नं चुरमुऱ्यांची सुशीला केलती, शेंगदाणे जास्तीचे, मला आवडते तशी. डोळे भरून आलते तिचे. "माझ्यासाठी केलंत. किती जड गेलं असंल तुम्हाला." मी खाल्ली. दोनदा मागून घेतली. थू माझ्यावर.
उद्या झेंडावंदन, म्हणून आजच्याच एसटीनं गेली. खिडकीतून हात हलवत होती, नव्या नवरीसारखी.

बुध. २८
गाव शाबासकी देऊन राहिलं. गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, लई दूरचं बघितलं तुम्ही." एकाला पण न्हाई म्हणलो न्हाई. बापूरावाला नावं ठेवता ठेवता त्याच्याच पंगतीत जाऊन बसलो. बदलीचं काही कळालं न्हाई.

गुरु. २९
सा.चा शिपाई दुकानात. "रविवारी सकाळी कोर्टवर या. बाहेरचं कुणी असणार न्हाई. साहेब म्हणले, या वेळी खरं खेळा म्हणावं."
ह्याला काय सांगावं. गुडघ्याची खपली अजून निघाली न्हाई.
गेलो न् तसाच हरलो तर सा.ला पटंल मी खरा होतो. शै.ला पण कळंल, तिच्यासाठी हरलो नव्हतो. न्हाई गेलो तर सगळं झाकून राहतं.

शनि. ३१
शै. आली. शिपायाचं सांगायचं नव्हतं, पण पोरगी आधीच बोलली.
वाटलं, शै. म्हणंल, परत हरा, बदली पक्की होईल. तर तिनं माझा सोललेला गुडघा बघितला. मग म्हणली, "माझ्यासाठी एकदा मान खाली घातलीत, बास झालं. बदली होवो का न होवो. मी पण येते उद्या, पोरीला घेऊन. हरवा त्याला."
हो म्हणलो.
शूज पुसून दाराशी ठेवले. पोरगी झोपताना इचारून राहिली, "बाबा, कितीनं जिंकणार?"
सहा-दोन, म्हणलं.